पदव्या मोजतो, विषय विसरतो

एप्रिल महिना आला की आमच्या वस्तीत बॅनर लागतात. निळी पार्श्वभूमी, कोटातले बाबासाहेब, खाली मंडळाच्या पोरांचे फोटो आणि मधोमध पदव्यांची रांग. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-अ‍ॅट-लॉ. कुणी 32 पदव्या लिहितो, कुणी त्याहून जास्त. मागे एकदा बॅनर बांधणाऱ्या एका पोराला मी सहज विचारलं, "यातली पीएच.डी. कशात आहे रे?" तो शिडीवरूनच म्हणाला, "ते नाही माहीत जी ताई. पण मोठी आहे."

त्या पोराला मी नावं ठेवत नाही. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसवलं, त्यांनी पदव्या मोजाव्यात, मोठ्याने मोजाव्यात. पण नुसतं मोजून थांबलं की गडबड होते. त्याच पोराच्या धाकट्या बहिणीला बारावीनंतर बी.ए.ला समाजशास्त्र घ्यायचं होतं, तेव्हा त्याच घरातून आवाज आला, "आर्ट्स म्हणजे टाइमपास. त्याला काय स्कोप आहे?" ज्याच्या पदव्या आपण बॅनरवर छापतो तो माणूस कोणते विषय शिकला, हे ठाऊक असतं तर हा प्रश्न जरा जपून विचारला गेला असता.

बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि 1916 पर्यंत तिथे शिकले. त्या काळात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांचा हिशेब एलिनॉर झेलियट यांनी दिला आहे. अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती, परत येऊन संस्थानची नोकरी करण्याचा करार डोक्यावर, घरी रमाई पै पै जोडून संसार रेटतायत. अशा माणसाने 'स्कोप' बघून विषय घ्यायचे तर काय घेतलं असतं? तो तर मानववंशशास्त्राच्या वर्गात जाऊन बसला. माणसं लग्न कशी करतात, नाती कशी मोजतात, टोळ्या कशा बनतात, हे शिकत बसला. उगाच नाही बसला. ज्या व्यवस्थेने त्याला माणूस मानायचं नाकारलं होतं, ती व्यवस्था चालते कशी हे त्याला कळून घ्यायचं होतं.

आपल्याकडे यावर एक ठरलेलं उत्तर असतं. "आम्हाला जात शिकवायची गरज नाही. आम्ही ती भोगली आहे." मीही कॉलेजात असताना हेच म्हणायचे, तेही तावातावाने. आज मला ते अर्धंच खरं वाटतं. ज्याला ताप आहे त्याला ताप कळतो, त्याचं अंग दुखतं, त्याला कुणी सांगावं लागत नाही. पण हा मलेरिया की डेंग्यू, हे त्याला स्वतःचं अंग चाचपून कळत नाही. त्याला रक्त तपासावं लागतं. भोगणं ही साक्ष आहे आणि तिची किंमत कमी नाही. पण साक्ष म्हणजे निदान नव्हे, आणि निदान चुकलं की औषधही चुकतं. चळवळीत आपली बरीच औषधं चुकली आहेत, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

9 मे 1916. बाबासाहेब 25 वर्षांचे होते. डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास असा त्याचा विषय. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. आज तो मराठीतही मिळतो, एका बैठकीत वाचून होतो, आणि तरीही आपल्यातल्या फार थोड्यांनी तो वाचलेला असतो. ज्यांनी वाचला तेही त्यातला अडचणीचा भाग सोडून देतात.

अडचणीचा भाग असा. त्या निबंधात बाबासाहेब म्हणतात की मनूने जात निर्माण केली नाही. मनूवर ते कडक बोलतात, पण एका माणसाने कायदा लिहून एवढ्या मोठ्या समाजावर जात लादली, हे त्यांना मान्य नाही. जात मनूच्या आधीपासून होती, मनूने तिला नियमांत बसवलं आणि तिचं समर्थन केलं. नुसत्या ब्राह्मणांच्या कटातून अख्खी व्यवस्था उभी राहिली, ही मांडणीही ते नाकारतात. याचा अर्थ ते ब्राह्मणवर्गाला सोडून देतात असा मुळीच नाही. स्वतःला कोंडून घेऊन बंद वर्ग होण्याची सुरुवात त्या वर्गाने केली, हे ते स्पष्ट सांगतात. पण एकाने दार लावून घेतलं की दुसऱ्याने बघून लावलं, आणि ज्यांना लावायचं नव्हतं ते बाहेर अडकले. अनुकरणाने ही बंद घरं वाढत गेली. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले, आपले ज्ञानकोशकार केतकर, अशा त्या काळच्या मोठमोठ्या नावांची मतं तपासत तो तरुण हे मांडतो.

मग 25 डिसेंबर 1927 ला महाडात मनुस्मृती का जाळली? हा प्रश्न मला दर शिबिरात येतो. याचं उत्तर अवघड नाही. जे आधीपासून चालू आहे त्यावर धर्माचा शिक्का मारणारा ग्रंथही गुन्हेगारच. त्याची सत्ता आम्ही मानत नाही, हे जाहीरपणे सांगायचं होतं. पण पुस्तक जाळल्यावर यंत्र बंद पडणार नाही, हे जाळणाऱ्याला 11 वर्षं आधीपासून ठाऊक होतं. आपण जाळणं पाठ केलं आणि यंत्र विसरलो.

यंत्र काय आहे? लग्न. जातीचा गाभा म्हणजे आपल्यातच लग्न करण्याचा नियम, ही त्या निबंधाची मुख्य मांडणी. एखाद्या गटाला असं बंद राहायचं असेल तर त्याला लग्नाच्या वयाच्या बाया आणि पुरुष यांचा हिशेब जुळवत राहावा लागतो. नवरा मेला की बाई 'जास्तीची' होते. ती बाहेर लग्न करेल तर कुंपण मोडेल, आत करेल तर एका मुलीचा नवरा कमी होईल. म्हणून तिला चितेवर चढवा, नाहीतर आयुष्यभर विधवा ठेवा. बायको मेली की पुरुष 'जास्तीचा' होतो. पण तो पुरुष, त्याला जाळता येत नाही, त्याची गटाला गरज आहे. त्याला संन्यासी करून ठेवणंही जमत नाही. मग त्याच्यासाठी पुढच्या पिढीतली, अजून लग्नाच्या वयाची न झालेली मुलगी आणा. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन वेगवेगळ्या 'वाईट चाली' नाहीत, जात टिकवायची ती तीन साधनं आहेत, हे 1916 साली एका 25 वर्षांच्या तरुणाने मांडलं.

हे मी एम.ए.ला वाचलं तेव्हा नोट्स काढल्या, पेपरात लिहिलं, मार्कही बरे पडले. कळलं मात्र काही वर्षांनी. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी बौद्ध वधू-वर परिचय मेळावा होता आणि मी नोंदणीच्या टेबलावर बसले होते. फॉर्मवर नाव, शिक्षण, नोकरी, उंची, वर्ण, धर्म. धर्मापुढे आधीच छापलेलं, 'बौद्ध'. आणि त्याच्याखाली एक रिकामी ओळ, 'पोटजात'. दीक्षाभूमीपासून फार लांब नव्हतो आम्ही. लोक रांगेत उभे राहून निमूटपणे लिहीत होते. सोमवंशी. लाडवण. बावणे. कोसरे. एका निवृत्त गुरुजींना मी म्हटलं, "सर, ही ओळ रिकामी ठेवली तरी चालेल." ते ओशाळले. म्हणाले, "आम्ही मानत नाही हो ताई. पण समोरचे विचारतात ना." त्यांच्या मागच्या माणसानेही हेच सांगितलं. त्याच्या मागच्यानेही. मानत कुणीच नव्हतं, लिहीत सगळे होते.

टेबलाच्या टोकाला घटस्फोटित आणि विधवांची वेगळी फाईल होती, पातळशी. दुपारी एक गृहस्थ आले. वय 41, सरकारी नोकरी, घटस्फोट झालेला. मी ती फाईल पुढे सरकवली तर त्यांनी ती उघडलीही नाही. "अविवाहित दाखवा. 27-28 पर्यंत." त्याच फाईलमध्ये 34 वर्षांची एक नर्स होती, नवरा अपघातात गेलेला, एक मुलगी. दिवसभरात तिची माहिती तीन जणांनी बघितली आणि तिघांनीही मुलीचं वाचून पान उलटलं. जास्तीची बाई आणि जास्तीचा पुरुष. नोट्समधले दोन शब्द माझ्या टेबलासमोर उभे होते. चिता नव्हती, सक्तीचं मुंडण नव्हतं, सगळे जय भीम म्हणून एकमेकांना भेटत होते. यंत्र मात्र चालू होतं.

जात म्हणजे मनूचा कट, एवढ्यावरच थांबलात तर तुम्हाला फक्त मनूला शिव्या द्याव्या लागतात. ते सोपं आहे, त्याला टाळ्याही मिळतात. जात म्हणजे लग्नाची यंत्रणा, असं समजून घेतलंत तर मात्र स्वतःच्या घरातला बायोडाटा काढून बघावा लागतो. समाजाचा अभ्यास नकोसा वाटतो तो त्याला स्कोप नाही म्हणून, हे मला पटत नाही. तो नकोसा वाटतो कारण तो आपल्या घरात शिरतो.

यूपीएससी करणारी आमची कितीतरी पोरं समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेतात. अंतर्विवाह, बहिर्विवाह, संस्कृतीकरण, सगळं तोंडपाठ. परीक्षेत लिहितात आणि पास झाल्यावर त्याच मेळाव्यात येऊन तीच ओळ भरतात. म्हणून विषय घेणं आणि अभ्यास करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही सांगून ठेवते.

आता कोर्टकचेरीकडे येऊ, कारण "या अभ्यासाचा लढाईत काय उपयोग" असं विचारणारे खूप असतात. चवदार तळ्याचंच घ्या. 1923 साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. 1924 साली महाड नगरपालिकेने तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचा ठराव केला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी तिथलं पाणी घेतलं. इथवर शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. पुढचं कमी लोकांना माहीत असतं. महाडच्या सवर्णांनी दावा लावला. म्हणणं काय, तर अस्पृश्यांनी या तळ्याला न शिवण्याची प्रथा अनादिकाळापासून चालत आलेली आहे, आणि अशा प्रथेला कायद्याचं बळ आहे. तो दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. ही प्रथा अनादिकाळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही. बाबासाहेब जिंकले.

पाण्याचा हक्क शेवटी एका प्रश्नावर येऊन ठेपला होता. 'प्रथा' म्हणजे काय, ती कधीपासून, आणि ती आहे हे कशावरून? हा प्रश्न कायद्याचा दिसतो पण तो समाजाच्या इतिहासाचा आहे. "आमच्याकडे पूर्वीपासून असंच आहे" हे वाक्य ज्याने आयुष्यात एकदा तरी उलटून तपासलं आहे, त्यालाच "कधीपासून? दाखवा" असं विचारायचं सुचतं. गावात मंदिराच्या पारावर, पाणवठ्यावर, पोळ्याच्या मानात, स्मशानाच्या रस्त्यावर हे वाक्य आजही भेटतं. आपला कार्यकर्ता एक तर चिडतो, नाहीतर गप्प बसतो. तहसीलदाराकडे जाऊन त्या जागेचा सातबारा काढणारा, ग्रामपंचायतीचे जुने ठराव वाचणारा, वस्तीतल्या म्हाताऱ्यांना बसवून "तुमच्या लहानपणी इथे काय होतं" असं विचारणारा क्वचित भेटतो.

आणि आता एक असं उदाहरण, जे लिहिताना हात जड होतो. खैरलांजी. 29 सप्टेंबर 2006. भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना जमावाने मारलं. आई, मुलगी, दोन मुलं. 2008 साली विशेष न्यायालयाने आरोपींना खुनासाठी शिक्षा दिल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होतो हे मानलं नाही. 2010 साली उच्च न्यायालयानेही जातीच्या द्वेषातून हे घडलं असं मानलं नाही, सूडातून घडलं असं मानलं. आम्ही रस्त्यावर होतो तेव्हा, मी कॉलेजात होते. आम्ही घोषणा दिल्या आणि त्या द्यायलाच हव्या होत्या. पण त्या निकालाने जो प्रश्न उभा केला त्याचं उत्तर घोषणेत नव्हतं.

प्रश्न असा की गावात सूड कुणावर उगवता येतो? अख्खा जमाव एका घरावर चालून जातो आणि गाव गप्प बसतं, ही हिंमत कुठून येते? स्वतःची जमीन कसणारी, पोरांना शिकवणारी, साक्ष द्यायला घाबरत नाही अशी बाई गावाच्या डोळ्यात खुपते ती कशामुळे? 'जमिनीचा वाद', 'जुनं भांडण', 'सूड', हे सगळे शब्द जातीला पर्याय म्हणून वापरले गेले, जणू एक असेल तर दुसरं असणार नाही. जात तर राहतेच जमिनीत, पाण्यात, बाईच्या वागण्यावरच्या नजरेत. ती वेगळी होऊन, पाटी गळ्यात अडकवून येत नाही. आरोपीने जातीवाचक शिवी दिली का, एवढाच पुरावा शोधणाऱ्याला ती दिसणार कशी?

पुढे दलित-आदिवासी संघटनांच्या अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली आणि 26 जानेवारी 2016 पासून ती लागू झाली. दहा वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी जे कलम आहे त्यात आधी, पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा केला, असं सिद्ध करावं लागायचं. आता ती त्या जाती-जमातीची आहे 'हे माहीत असताना' गुन्हा केला, एवढं पुरेसं झालं. दोन शब्द बदलले. पण त्या दोन शब्दांमागे जात कशी काम करते याची समज आहे. गावात कुणाची जात कुणाला माहीत नसते?

पोलीस स्टेशनला तक्रार लिहून देताना मी ही समज वापरायला शिकले. ठाणे अंमलदार म्हणतो, "मॅडम, बांधाचा वाद आहे हा." मी म्हणते, असेल. मग लिहून घ्या, बांधाच्या अलीकडे कुणाची किती एकर, पलीकडे कुणाची किती. वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला. पाइपलाइन कुठपर्यंत येते. तक्रारदाराचे वडील कुणाच्या शेतावर सालगडी होते. आधी काय काय घडलं, कोणत्या तारखेला. दोन पानांची तक्रार सहा पानांची होते. दर वेळी केस उभी राहते असं नाही, खोटं कशाला सांगू. पण 'किरकोळ वाद' लिहिण्याआधी समोरच्याचा पेन थांबतो, हे मी पाहिलं आहे.

राजकारणाचंही तसंच. रिपब्लिकन पक्षाचे गट का पडले, असं कुठल्याही नाक्यावर विचारा. उत्तर येईल, "नेते विकले गेले." विकले गेले असतील. पण एवढ्यावर समाधान मानणं म्हणजे पुन्हा एका मनूला शोधणं. 3 ऑक्टोबर 1957 ला स्थापन झालेला पक्ष. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह. त्या पक्षाकडे काय कमी होतं? मला वाटतं, प्रश्न उलटा विचारला पाहिजे. सहकारी साखर कारखाने, जिल्हा बँका, 1962 पासून जिल्हा परिषदा, ही सगळी सत्ता गावोगावी एका वर्गाच्या हातात एकवटत असताना, हातात जमीन नसलेल्या माणसांचा पक्ष कशाच्या जोरावर टिकायला हवा होता? पुणे करारानंतर राखीव जागा आल्या, पण मतदारसंघ संयुक्त. जागा आपली, निवडून देणारी बहुसंख्य मतं दुसऱ्यांची. मग उमेदवाराने कुणाकडे बघायचं? खुद्द बाबासाहेब 1952 साली मुंबईत आणि 1954 साली भंडाऱ्यात हरले. त्यांना तर कुणी विकत घेऊ शकत नव्हतं. हे समजून घेतल्याने आजच्या एखाद्या नेत्याचं पाप कमी होत नाही. पण पुढचा प्रामाणिक नेता आल्यावर तोही याच चक्रात का अडकतो, हे तरी कळतं. माणूस बदलायचा की मांडणी बदलायची, हा निर्णय मांडणी दिसल्याशिवाय घेता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आम्हा बायांना जास्त लागते. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या होत्या. त्यांची नावं, त्यांची भाषणं, त्यांनी तुरुंगात काढलेले दिवस कुणी जपले? विद्यापीठांनी नाही जपले, आपल्या पुढाऱ्यांनीही नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी गावोगाव, चाळीचाळीत फिरल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांसमोर बसल्या, ऐकून लिहून घेतलं. 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' आलं. दहा वर्षं उशीर झाला असता तर त्यातल्या कितीतरी बाया बोलायला उरल्या नसत्या. संशोधन म्हणजे हे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. जाऊन बसावं लागतं, विचारावं लागतं आणि ऐकलेलं खाली मान घालून लिहावं लागतं. फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना शेतकऱ्याच्या घरात काय काय आहे, काय नाही, हे असंच बघून मांडलं होतं, तेही 1883 साली.

आपण नाही लिहिलं तर कुणीतरी लिहितंच. आपल्या वस्त्यांवर प्रबंध होतात, प्रोजेक्ट होतात, सर्वेक्षणं होतात. येणारा फॉर्म भरून घेतो, फोटो काढतो, जातो. त्यात काय लिहिलं हे आपल्याला कधी कळत नाही. त्यातले काही अभ्यास चांगले असतात, गेल ऑम्वेट, शर्मिला रेगे यांचं ऋण मी विसरणार नाही. पण कायम दुसऱ्याने लिहिलेल्या उत्तरात 'उत्तरदाता क्रमांक अमुक' म्हणून राहायचं का, हा प्रश्न आपला आहे.

पोटाचा प्रश्न मी टाळत नाही. समाजशास्त्र घेऊन नोकरी पटकन मिळत नाही. माझ्या वर्गातले बरेच जण तासिका तत्त्वावर शिकवतात, मी मानधनावर काम करते, आणि महिनाअखेरीस हिशेब जुळवताना मलाही इंजिनीअर झालेल्या चुलतभावाची आठवण येते. पहिल्या पिढीच्या पोराला घर चालवायचं असतं. त्याला "चळवळीसाठी आर्ट्स घे" असं सांगणं हा दुसऱ्याच्या पोटावरचा शहाणपणा झाला. पोलीस व्हा, नर्स व्हा, इंजिनीअर व्हा. पण पाइपलाइनचा आराखडा काढणाऱ्या आपल्या इंजिनीअरला एवढं दिसावं की शेवटचा नळ नेहमी कोणत्या वस्तीत येतो आणि त्यात दाब का नसतो. आरोग्य उपकेंद्रातल्या आपल्या सिस्टरला दिसावं की कोणत्या पाड्यावरची बाई बाळंतपणाला येतच नाही, आणि ती 'अडाणी' म्हणून येत नाही की मागच्या वेळी तिला कुणी काय बोललं होतं म्हणून. एवढं दिसायला पदवी लागत नाही. महिन्यातून चार संध्याकाळ आणि वाचायची तयारी लागते.

ही घाई आत्ताच का? केंद्र सरकारने 30 एप्रिल 2025 रोजी जाहीर केलं की येत्या जनगणनेत जात मोजली जाणार. सगळ्या जातींचे आकडे 1931 नंतर पहिल्यांदाच हाती येतील. 2011 साली देशात बौद्ध सुमारे 84 लाख होते, त्यातले 65 लाख महाराष्ट्रात. तेव्हाही "धर्माच्या रकान्यात काय लिहायचं, बौद्ध लिहिलं तर आरक्षण जातं का" यावर घराघरांत गोंधळ होता. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा आहे, हेही अनेकांना ठाऊक नव्हतं. प्रगणक दारात उभा असताना हे शिकवता येत नाही. आणि आकडे आल्यावर तर खरं काम सुरू होईल. हजारो पानांचे तक्ते येतील. कोणत्या जातीच्या किती बाया शेतमजूर, किती घरांत नळ, किती मुलं दहावीच्या पुढे. प्रस्थापितांचे अभ्यासक ते वाचतील, पक्षांची माणसं वाचतील, आरक्षणाच्या विरोधात याचिका करणारे तर नक्कीच वाचतील. आपल्याकडून कोण वाचणार? व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक आकडा फॉरवर्ड करण्याला वाचणं म्हणत नाहीत.

म्हणून या वर्षी जयंतीनंतर आम्ही विहारातल्या अभ्यासिकेतल्या पोरापोरींना घेऊन आमच्याच वस्तीचं सर्वेक्षण करायला घेतलं. पहिल्या बैठकीत विचारलं, वस्तीत घरं किती? कुणी 200 म्हणालं, कुणी 350. जिथे जन्मलो ती वस्ती आम्हाला माहीत नव्हती. मोजली तर 268 भरली. प्रश्नावली बनवताना शिडीवरचा तो पोरगाही होता. त्याने पहिला रकाना लिहिला, 'कुटुंबप्रमुखाचे नाव'. बारावीनंतर जिला समाजशास्त्र हवं होतं ती त्याची बहीण म्हणाली, "प्रमुख विचारलं की सगळे माणसाचंच नाव सांगतील. घर कुणाच्या नावावर, आणि महिन्याचा पैसा कोण आणतं, असं वेगळं विचारू." त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी दोन रकाने झाले.

आतापर्यंत तीन गल्ल्या झाल्या आहेत. दुसऱ्या गल्लीत एका घरासमोर पोरगा थबकला. कुटुंबप्रमुख म्हणून आजीने दोन वर्षांपूर्वी वारलेल्या मुलाचं नाव सांगितलं होतं. आत सून कामावर जायला निघाली होती, तिच्या खांद्याला डबा अडकवलेला. त्याने फॉर्मवर काही लिहिलं नाही. परत येऊन मला विचारलं, "ताई, इथे काय लिहायचं?" मी म्हटलं, बहिणीला विचार. पुढच्या रविवारी चौथी गल्ली.